नाशिकमध्ये बसून अमेरिकी सूतगिरणीचे दप्तर वाचताना

साउथ कॅरोलिनात विल्यम ग्रेग यांनी उभारलेल्या ग्रॅनिटव्हिलसारख्या एकोणिसाव्या शतकातील गिरणीचे दप्तर अभ्यासताना आधी कीर्द (रोजच्या व्यवहारांची वही) आणि खतावणी (खातेवार नोंदींची वही) वेगळी ओळखावी. खरा ऐवज मात्र पगारपत्रकात असतो: कामगाराच्या नावापुढे मजुरी, तिच्यातून वजा झालेले घरभाडे व गिरणीच्या दुकानातील उधारी दिसली, तर हाती पडलेली रक्कम स्वतंत्र रकान्यात उतरवावी, कारण कुटुंबाचे जगणे तिच्यावरच चाले.

१८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांचे कागदी चलन घसरल्याने तेव्हाच्या डॉलरची तुलना आधीच्या आकड्यांशी थेट करू नये; त्याऐवजी पौंडांतील वजने पाहावीत. आत आलेल्या कापसातून निघालेले सूत वजा केल्यावर उरणारी घट येवल्या-मालेगावच्या माग चालवणाऱ्यांना चटकन उमगेल, त्यांना जरूर विचारावे.