दिवाळी ते येळवस : अंडी बसवायचा हाच काळ

परसातल्या कोंबड्या वाढवायच्या तर मराठवाड्यात हिशोब उन्हाळ्यापासून मागं मोजत यावा लागतो. एप्रिल-मेमध्ये परभणी-नांदेडकडं पारा ४२ अंशांच्या पुढं जातो. त्या दिवसांत दोन-तीन आठवड्यांचं पिल्लू जगवणं जिकिरीचं काम. तेच पिल्लू तीन महिन्यांचं होऊन पिसांनी भरलेलं असेल, तर सावली आणि गार पाणी एवढ्यावर उन्हाळा काढतं. म्हणून दिवाळी उरकली की येळवशीच्या, म्हणजे डिसेंबर-जानेवारीतल्या वेळा अमावस्येच्या, आत अंडी उबवायला बसवून घ्यावीत. २१ दिवसांनी पिल्लं निघतात, आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला ती स्वतःचं पोट स्वतः भरू लागलेली असतात. शिवाय खरिपाची रास नुकतीच झालेली असते, शेतातल्या आखाड्यावर, गोठ्यात दाणा-किडा भरपूर असतो. घरातल्या हौसेसाठी एवढी स्वस्ताई दुसऱ्या हंगामात नाही.

दुकानातल्या ट्रेमधली अंडी बसवून काही निघत नाही, कारण अंड्यांच्या (लेयर) फार्मवर कोंबडाच नसतो. आठ-दहा कोंबड्यांमागे एक तरणा कोंबडा असलेल्या घरची अंडी घ्या. ती सात दिवसांच्या आतली हवीत. दुपारचं ऊन अजून चटका देत असेल तर चार-पाच दिवसांच्या आतली. पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, फ्रिजमध्येही नको. माळवदाच्या घरातला गार कोपरा किंवा माठाजवळची जागा उत्तम. निमुळतं टोक खाली करून ठेवा. अंडी धुवायची मात्र नाहीत. टरफलावरचा नैसर्गिक थर धुण्यानं निघून जातो आणि जंतूंना वाट मिळते. फार मळलेलं, वेडंवाकडं किंवा पातळ टरफलाचं अंडं सरळ तव्यावर जाऊ द्या.

बसवायला कोंबडी गावरानच हवी. हैदराबादच्या संशोधन संचालनालयाची वनराज आणि बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज अंगानं भरतात, अंडीही जास्त देतात, पण सहसा खुडूक होत नाहीत, म्हणजे अंडी उबवायला बसत नाहीत. त्यांच्या अंड्यांतून निघालेली पुढची पिढीही आईबापासारखी एकसारखी येत नाही. या जाती हव्या असतील तर एक दिवसाची पिल्लंच आणावीत. पशुसंवर्धन विभागाचं अंडी उबवणी केंद्र छत्रपती संभाजीनगरला आहे. आधी चौकशी करूनच निघा.

कोंबडी खुडूक झाली की अंगावरची पिसं फुलवून खुराड्यातच बसते, हात नेला की गुरगुरते. लगेच चांगली अंडी तिच्याखाली घालू नका. दोन-तीन दिवस दोन साधी अंडी ठेवून पाहा, बैठक पक्की आहे ना याची खात्री करा. मग अंधाऱ्या, आडोशाच्या जागी टोपलं मांडा. त्यात तळाला राख, त्यावर भुसा आणि कडुनिंबाचा वाळका पाला. कोंबडीच्या पंखांखालीही राख चोळा, कारण उवा-पिसवांनी हैराण झालेली कोंबडी बैठक मोडून उठते. रात्री, दिवा न लावता, दहा-बारा अंडी एकदमच घाला. त्याहून जास्त घातली की कडेची गार पडतात आणि शेवटी दहाचीही खात्री राहत नाही. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं खूण करा. दुसऱ्या कोंबड्या त्याच टोपल्यात येऊन अंडं घालून जातात. बिनखुणेचं दिसलं की त्याच दिवशी काढून घ्या.

बसलेली कोंबडी दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटं उठते. तेवढ्यात ज्वारीचे अख्खे दाणे आणि पाणी समोर हवं. उठतच नसेल तर हळूच उचलून बाहेर ठेवा.

सातव्या रात्री घरातली पोरं गोळा करावीत. अंधार करून मोबाईलच्या टॉर्चवर अंड्याचं रुंद टोक टेकवलं की आत एक काळा ठिपका आणि त्यातून चहूकडं फुटलेल्या लाल शिरा दिसतात. नीट पाहिलं तर ठिपका हलतोही. नुसतं पिवळसर, स्वच्छ दिसलं तर अंडं वांझ. शिरा नाहीत आणि लाल कडं तेवढं दिसतंय, तर गर्भ मेलाय. अशी अंडी काढून टाका. राहू दिली तर सडून फुटतात आणि बाकीची नासवतात. चौदाव्या दिवशी आणखी एकदा बघा. अठराव्यानंतर मात्र टोपल्याला हात लावायचा नाही.

थर्माकोलच्या पेटीचं घरगुती उबवणी मशीन आता बरेच जण करतात. हौस म्हणून ठीक, पण पहिल्या वर्षी कोंबडीवरच भागवावं असं माझं मत. मशीनला पंखा असेल तर ३७.५ अंश तापमान, पहिले अठरा दिवस ५५ ते ६० टक्के आर्द्रता आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०. दिवसातून किमान तीनदा अंडी फिरवायची, अठराव्या दिवशी फिरवणं थांबवायचं. आपल्याकडची हिवाळी हवा कोरडी, त्यामुळं पाण्याची वाटी आटली की पिल्लू आतल्या पापुद्र्याला चिकटून मरतं. लाईट गेली तर पेटी उघडून बघत बसू नका, वरून गोधडी टाका.

एकविसाव्या दिवशी टरफलाला बारीक तडा जातो. तिथून पिल्लू बाहेर यायला कधी बारा तास लागतात, कधी अख्खा दिवस. सोलून मदत करायचा मोह आवरा. बलक पोटात ओढला जाण्याआधी सोललं तर पिल्लू रक्तस्रावानं जातं. त्या बलकावर ते दोन दिवस दाणापाण्याशिवाय राहू शकतं, म्हणून मागं राहिलेली फुटेपर्यंत आधीच्यांना आईखालीच राहू द्या.

आई असेल तर उबेची काळजी तिची. विकतची पिल्लं असतील तर ती तुमची. डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा दहाच्या खाली उतरतो. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर ३५ अंश ऊब हवी, पुढं दर आठवड्याला तीनेक अंश कमी करा. त्यासाठी जुना पिवळा बल्बच लागतो. एलईडीचा उजेड पडतो, पण ऊब नाही, आणि लख्ख उजेडात सकाळी गारठलेली पिल्लं सापडतात. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढली तर थंडी वाजतेय, कडेला पळून चोच उघडी ठेवून धापा टाकत असतील तर बल्ब वर घ्या. खाली शेंगांची टरफलं किंवा लाकडाचा भुसा चालतो, पण बुरशीचा वास येत असेल तर नको. गुळगुळीत कागदावर दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवलं तर पाय फाकतात.

खाद्याचं नीट ऐका, कारण घरात जे पडलेलं असतं तेच घातक ठरतं. कच्चं सोयाबीन कोंबड्यांना पचत नाही, त्यातल्या घटकामुळं प्रथिनं अंगी लागत नाहीत. सरकी पेंड जनावरांची, कोंबड्यांची नव्हे. भिजून काळी पडलेली मका तर अजिबात नको. आणि रबीच्या पेरणीतून उरलेलं औषध लावलेलं हरभऱ्याचं, ज्वारीचं बी अंगणात सांडू देऊ नका. लहान पिल्लांना पहिला महिना-दीड महिना चिक स्टार्टर (पिल्लांचं तयार खाद्य) परवडत असेल तर तेच द्या, जोडीला मक्याचा भरडा आणि तांदळाची कणी. पाण्याचं भांडं उथळ, त्यात चार खडे टाकलेलं.

मानमोडी (राणीखेत रोग) आली की अख्खं परस रिकामं होतं, म्हणून लस चुकवू नका. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा या मानमोडीच्या लसीचा एक थेंब डोळ्यात, चौथ्या आठवड्यात पुन्हा, सहाव्या आठवड्यात कोंबड्यांच्या देवीची लस, आठव्यानंतर आर-टू-बी ही मानमोडीचीच पुढची लस. गंबोरो या पिल्लांच्या रोगाच्या लसीचं तुमच्या भागातल्या पशुवैद्यकांना विचारा. एक कुपी साधारण शंभर पक्ष्यांची असते आणि कालवल्यावर दोन तासांत संपवावी लागते. गल्लीतल्या पाच-सहा घरांनी एकच दिवस ठरवावा आणि बर्फ घातलेल्या थर्मासमधून लस आणावी.

आठवडी बाजारातून आणलेली कोंबडी तीन आठवडे वेगळी ठेवा. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात बर्ड फ्लू निघाला, जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळे मेले तेही त्याच रोगानं. दोन्ही वेळा महिना जानेवारीच. एकाएकी मरतूक झाली तर मेलेला पक्षी हाताळू नका, कापू तर नकाच. पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर कळवा. एरवीही पोरांनी पिल्लं हाताळल्यावर साबणानं हात धुवायचेच.

निम्मी पिल्लं नर निघणार, हे पोरांनी त्यांची नावं ठेवायच्या आत घरात बोलून घ्या. डिसेंबरचे कोंबडे आखाडात विक्रीला येतात आणि तेव्हा गावरानला मागणी चांगली असते. आई दीड-दोन महिन्यांनी पिल्लांना टोचून दूर करते, पुन्हा अंडी घालते आणि मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा खुडूक होते. तेव्हा मात्र तिला बसवू नका. नाकात पीस खुपसायची किंवा पाण्यात बुडवायची जुनी पद्धत सोडा; टोपलं काढून घेऊन तिला तीन-चार दिवस हवेशीर जाळीच्या पिंजऱ्यात सावलीला ठेवलं की खुडूक उतरते. त्या वेळची अंडी घरात खा.