पडू नये म्हणून फिजिओथेरपी: या चुका टाळा

"अहो, ते रोज तासभर चालतात, त्यांना आणखी कसला व्यायाम?" आईवडिलांचा तोल जातोय म्हणून जे येतात, त्यांच्या तोंडी हेच वाक्य असतं. चालणं चांगलंच. हृदयाला, साखरेला, मनाला सगळ्याला चांगलं. पण पडणं थांबवायला तेवढं पुरत नाही.

असेच एक आजोबा आले होते. मनगटाचं प्लास्टर नुकतंच निघालेलं. सकाळचा फेरा कधी चुकवला नाही, याचा मुलाला कोण अभिमान! पडले ते मात्र घरातच. मागून कुणी हाक मारली, झटकन वळले आणि पायात पाय अडकला. एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला टेकवून उभे राहा, म्हटलं. असं 10 सेकंद जमायला हवं. त्यांनी हात सोडला आणि लगेच टेबल धरलं. खुर्चीतून उठायला सांगितलं, तर दोन्ही हातांनी दांडे रेटून उठले. सपाट रस्त्यावर सरळ चालताना गर्रकन वळायची, मागे पाऊल टाकायची, वाकून काही उचलायची वेळच येत नाही. मग त्याची सवय कुठून राहणार? तोल थोडा डळमळू दिला तरच तो सुधारतो.

मुलाचा पुढचा प्रश्न ठरलेला: "आठवड्याभरात फरक पडेल ना?" नाही पडणार. ताकद यायला दोन-तीन महिने जातात आणि व्यायाम सोडला की ती ओसरते. एखादा व्हिडिओ लावून चार दिवस हातपाय हलवायचे आणि पाचव्या दिवशी "काही उपयोग नाही" म्हणायचं, या घाईचा मला मनापासून कंटाळा आलाय. पडण्याबाबतच्या कितीतरी चाचण्या एकत्र तपासणारा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा आढावा 2019 साली आला. तोलाचे आणि उठण्या-बसण्यासारख्या रोजच्या हालचालींचे व्यायाम करणाऱ्यांत पडण्याचं प्रमाण सुमारे 24 टक्क्यांनी कमी दिसलं. नुसत्या चालण्याबद्दल मात्र असं ठामपणे म्हणता आलं नाही.

माझी पद्धत साधी आहे. ओट्यासमोर उभं राहायचं, मागे भक्कम खुर्ची. आधी दोन्ही हात ओट्यावर, मग एक, मग नुसतं बोट, मग काहीच नाही. टाचा उचलणं, बाजूला पावलं टाकणं, टाच-अंगठा जोडून उभं राहणं, आणि हात न लावता खुर्चीतून उठणं-बसणं. बसून पाय हलवायचे व्यायाम मी फार देत नाही. त्यानं गुडघा मोकळा होतो, तोल नाही. नुकतंच हाड मोडलेलं असेल, पक्षाघात झालेला असेल किंवा उभं राहणंच जड जात असेल, तर सुरुवात समोर कुणी जाणकार असतानाच.

दुसरी माझी खास चीड म्हणजे काठी. दुखरा पाय उजवा, म्हणून काठीही उजव्या हातात! काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात हवी आणि दुखऱ्या पायाबरोबर पुढे पडायला हवी. उंचीचंही तेच. कपाटातली जुनी काठी काढून दिली जाते. ती उंच असेल तर खांदा वर जातो, बुटकी असेल तर माणूस वाकतो. चपला घालून ताठ उभं राहायचं, हात सैल सोडायचे. मूठ मनगटाच्या घडीपाशी आली पाहिजे. खालचं रबर झिजून गुळगुळीत झालं की बदला. त्यासाठी घासाघीस करणारे लोक मला कळत नाहीत.

आता थोडक्यात. चालताना आजींचा दंड धरून ओढू नका, त्यांनी तुमचा हात धरावा. सैल स्लिपर आणि नुसते मोजे बंद. दुहेरी काचेचा चष्मा लावून जिना उतरताना खालची पायरी धूसर दिसते, तेव्हा लांबचा वेगळा चष्मा असलेला बरा. उठल्याबरोबर अंधारी येत असेल तर आधी पलंगाच्या कडेला बसून घोटे हलवा, मग उभे राहा. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा रक्तदाब 20 किंवा त्याहून जास्त उतरत असेल, तर तो विषय औषधांसकट डॉक्टरांकडे न्या. तिथे माझे व्यायाम एकटे पुरे पडणार नाहीत.

एकदा पडल्यावर भीतीनं बसून राहणं हीसुद्धा चूकच. पाय आणखी अशक्त होतात आणि पडायची शक्यता वाढते. अशांना मी जमिनीवरून उठायला शिकवते: कुशीवर वळा, हातांवर-गुडघ्यांवर या, खुर्चीपर्यंत रांगा, दोन्ही हात बैठकीवर ठेवा, ताकदीचा पाय पुढे घ्या आणि उठून वळून बसा. घरच्यांनी काखेत हात घालून उचलायला धावू नये. आधी कुठे दुखतंय ते विचारा. मांडीत किंवा कंबरेत जोराची कळ असेल, डोक्याला लागलं असेल, तर हलवू नका, मदत बोलवा. तसं काही नसेल तर खुर्ची जवळ सरकवा आणि त्यांना वेळ द्या.