वणवा समजून मी पानगळ मोजली होती

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी मी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या वणव्यांचा नकाशा केला. सेंटिनेल-२ या उपग्रहाची दोन चित्रं घेतली, एक नोव्हेंबरचं, एक एप्रिलचं. दोन्हींचा एनबीआर, म्हणजे जळीत दाखवणारा निर्देशांक काढला, वजाबाकी केली. अर्धं उद्यान लाल, म्हणजे जळालेलं! मी खूश. माझ्या मार्गदर्शक बाईंनी नकाशा पाहिला आणि एवढंच म्हणाल्या, "उद्या कान्हेरीच्या रस्त्याने जाऊन ये."

गेले. नकाशात लाल तिथे साग उभे, निष्पर्ण. पायाखाली वाळक्या पानांचा चुरा. राख कुठेच नाही.

आता मी मागच्या वर्षीचं त्याच महिन्याचं चित्र शेजारी ठेवते. तरी फसगत होतेच. पावसाळा सरता सरता सागावर पानांची जाळी करणारी अळी येते. शिरा ठेवून मधलं हिरवं खाते आणि डोंगर दुरून करपल्यासारखा दिसतो. झाडाची वाढ खुंटते, पण सहसा ते मरत नाही. सालवृक्षाच्या खोडकिड्याचं मात्र तसं नाही, तो आतून खोड पोखरतो. १९९०च्या दशकाच्या अखेरीस मध्य प्रदेशात त्याने मोठा हाहाकार केला. तिथला उपाय मला अजून भन्नाट वाटतो: पावसाळ्यात मुद्दाम काही झाडं पाडायची, ओंडक्यांची साल ठेचायची, आणि रसाच्या वासाने जमलेले भुंगे हाताने वेचायचे.

वणव्यांवरची पुस्तकं बहुतेक पाइनच्या जंगलांची असतात. लॉजपोल पाइनची राळेने बंद झालेली फळं आगीच्या धगीने उघडतात. १९८८च्या वणव्यांनंतर अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात त्याची रोपं दाट उगवली. ते जरूर वाचा, पण इथे तसंच्या तसं लावू नका. आपल्याकडचे वणवे जवळजवळ सगळे माणसाच्या हातून लागतात आणि जमिनीलगत पाचोळ्यातून पळतात. मोठा साग तगतो, रोपं होरपळतात, घाणेरी बुंध्यातून पुन्हा फुटते. म्हणून इथलं काम म्हणजे उन्हाळ्याआधी जाळरेषा, म्हणजे आग अडवणारे मोकळे पट्टे, साफ करणं, आगीनंतर घाणेरी उपटणं आणि गुरं आवरणं. दिसायला अगदीच साधं.

हे काम शिकायचं असेल तर दापोलीला वनशास्त्राची पदवी आहे, डेहराडूनला एमएस्सी. वनस्पतिशास्त्रातूनही येता येतं, मी तशीच आले. नकाशे करायचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या आगीच्या सूचना कुणालाही मोबाइलवर मिळतात, फक्त उपग्रहाच्या दोन फेऱ्यांमध्ये लागून विझलेली आग त्यांत येत नाही. वनखात्याच्या परवानगीचा अर्ज पावसाळ्यातच टाका. मी जानेवारीत टाकला आणि तो मोसम हातचा गेला.

जळीत जागेवर पहिल्यांदा रोपं मोजली तेव्हा काळी काटकी दिसली की मी वहीत 'मृत' लिहीत होते. पाड्यावरच्या मावशी सोबत होत्या. त्यांनी एकीच्या बुडाशी नखाने साल खरवडली. आत हिरवं, ओलसर. "पाऊस पडू दे, मग लिही," म्हणाल्या. जूनच्या अखेरीस परत गेले, तर त्याच काटकीच्या बुडातून हातभर फुटवा वर आला होता.