'डी ब्र्युके' मुलांना दाखवायचा असेल तर

मोठ्या मुलाच्या शाळेत दुसरं महायुद्ध शिकवायला लागले की घरात 'डी ब्र्युके'चं नाव निघतं. 'डी ब्र्युके' म्हणजे जर्मनमध्ये 'पूल'. बर्नहार्ड विकी यांचा १९५९ सालचा कृष्णधवल चित्रपट. मग धाकटंही हट्ट धरतं, मलाही बघायचाय. डीव्हीडीच्या डब्यावर हिरव्या चौकटीत १२ छापलेलं असतं, आणि इथल्या, जर्मनीतल्या मराठी मैत्रिणी मला विचारतात, अकरा पूर्ण झालीत गं, दाखवू का?

मी सांगते, अजून थांब. आणि मोठ्याला दाखवायच्या आधी तू स्वतः एकदा शेवटपर्यंत बघ.

आधी त्या चौकटीचा अर्थ नीट समजून घ्या. जर्मनीतल्या वीसबाडेन शहरातली एफएसके ही संस्था १९४९ पासून चित्रपटांना वयोगट देते. आज ०, ६, १२, १६ आणि १८ असे पाच गट आहेत: पांढरा, पिवळा, हिरवा, निळा, लाल. हिरवा १२ म्हणजे त्या वयाच्या मुलाच्या वाढीला चित्रपटाने अपाय होऊ नये, एवढंच. तुमच्या मुलाला तो कळेल, झेपेल, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. थिएटरात १२ वाला चित्रपट सहा वर्षांच्या मुलालाही आईबाबांबरोबर बघता येतो, त्यामुळे 'आपण शेजारी बसलो की झालं' असं वाटायला लागतं. मलाही वाटलं होतं. भारतातल्या 'यूए १३+'शी त्याची तुलना करू नका. ती मोजपट्टी वेगळी आहे.

धाकटी चिऊ तेव्हा दहा वर्षांची होती. दादाबरोबर सोफ्यावर बसली. गोळीबार सुरू झाला की डोळे झाकायचे, असं आमचं ठरलं होतं, आणि तिने ते इमानदारीने पाळलं. रात्री शांत झोपली. मी सुटकेचा श्वास टाकला. पुढच्या रविवारी बाबा नेहमीसारखे बेकरीतून पाव आणायला निघाले, तर ही खिडकीशी जाऊन उभी. ते परत येईपर्यंत हलली नाही. असं तीन रविवार झालं. चौथ्या रविवारी मी जवळ घेऊन विचारलं, तेव्हा म्हणाली, "तो काकापण कॉफी आणायलाच गेला होता ना?"

तो काका म्हणजे हाइलमान. गोष्ट एप्रिल १९४५ मधली. एका छोट्या गावातल्या सोळा वर्षांच्या सात शाळकरी मुलांना सैन्यात बोलावलं जातं, बराकीत एकच दिवस मिळतो आणि रात्री त्यांना बाहेर काढतात. मुलांचा जीव वाचावा म्हणून त्यांना त्यांच्याच गावातल्या, लष्करीदृष्ट्या बिनमहत्त्वाच्या पुलावर ठेवतात आणि सोबत हाइलमान नावाचा अनुभवी शिपाई देतात. तो पोरांसाठी कॉफी आणायला गावात जातो. त्याचेच लष्करी पोलीस त्याला पळपुटा समजून गोळी घालतात. मुलांना हे कधीच कळत नाही. ती पुलावर वाट बघत राहतात.

मी रक्ताची काळजी करत बसले आणि लेकीला लागलं ते हे. भरवशाचा एकुलता एक मोठा माणूस गेला आणि आला नाही. त्यामुळे मुलांना चित्रपट दाखवायच्या आधी हाइलमानचं काय होतं ते सरळ सांगून टाका. उत्कंठा गेली तरी चालेल.

बाकीचं थोडक्यात. पूल येईपर्यंत चित्रपट जवळजवळ अर्धा संपतो. त्याआधी शाळा, घरं, एका मुलाच्या बापाचे बाहेरचे संबंध. उघडंवाघडं काही नाही, पण प्रश्न येतील. नंतर मात्र उसंत नाही. विमान घोंघावत येतं तेव्हा सगळ्यांत लहान झिगी आडवा होत नाही, कारण आधी घाबरला म्हणून बाकीचे त्याला हसलेले असतात. तो तिथेच जातो. एका घरातून पान्झरफाउस्ट, म्हणजे खांद्यावरून डागायचं रणगाडाविरोधी अस्त्र, डागतात आणि मागे निघालेल्या ज्वाळेत एक म्हातारा होरपळतो. एक अमेरिकन सैनिक 'पोरांशी आम्ही लढत नाही, घरी जा' असं ओरडून सांगतो. बोलता बोलता 'किंडरगार्टन' म्हणजे बालवाडी म्हणतो. ते सातांपैकी कार्लला झोंबतं आणि तो त्याच्या पोटात गोळी घालतो. त्या सैनिकाचं किंचाळणं बराच वेळ चालतं. डोळे झाकून उपयोग नाही, कान उघडेच असतात. इथे रिमोट हातात ठेवा आणि आवाज कमी करा. सातांपैकी एकच जगतो.

माझ्या मते तेरा-चौदा हे बरं वय. बारा असेल तर मूल कसं आहे ते तुम्हालाच ठाऊक. रात्री दाखवू नका. शनिवारी दुपारी दाखवा, म्हणजे संध्याकाळ बोलायला मोकळी राहते. सातही मुलं सुरुवातीला सारखीच दिसतात, म्हणून कागदावर नावं लिहून द्या: हान्स, आल्बर्ट, वाल्टर, युर्गन, कार्ल, क्लाउस, झिगी. दादाने समोर खुणा केल्या होत्या, कार्लपुढे 'न्हाव्याचा', वाल्टरपुढे 'पुढाऱ्याचा'. २००८ मध्ये याच गोष्टीवर टीव्हीसाठी नवा चित्रपट निघाला, तोही याच नावाचा. म्हणून साल बघूनच लावा.

शेवटची पाटी येईपर्यंत टीव्ही बंद करू नका. हे २७ एप्रिल १९४५ रोजी घडलं, आणि इतकं बिनमहत्त्वाचं होतं की कुठल्याही लष्करी पत्रकात त्याचा उल्लेख आला नाही, अशा अर्थाचा मजकूर आहे. तिथे मुलांना कॅलेंडर दाखवा. जर्मनीने ८ मेला शरणागती पत्करली. म्हणजे अकराच दिवसांनी. दादाने ते दिवस बोटांवर मोजले आणि उठून आपल्या खोलीत गेला. मी मागे गेले नाही. जेवणाच्या वेळी स्वतःच बोलायला लागला, ते ताटं वाळेपर्यंत.

चिऊला आता चौदावं लागलंय. ईस्टरच्या सुट्टीत बघायचं ठरलंय, कागदही तिनेच तयार केलाय. सात नावांखाली एक रेघ मारून आठवं लिहिलंय, हाइलमान. मी म्हटलं, "चिऊ, तो ना..." तर म्हणाली, "माहितीये आई. तरी लिहिलंय."