पाळीआधीचा त्रास: दवाखाने फिरण्याआधी दोन महिने एवढं करा

पाळी यायच्या आठ-दहा दिवस आधी चिडचिड, उगाच रडू, झोप नाही, स्तन दुखतात, कामले हात लागत नही, आणि पाळी आली की दोन-तीन दिवसांत सगळं निवळतं, असं ज्यांचं दर महिन्याला होतं त्यांच्यासाठी लिहितेय. आपल्याकडे जळगाव-धुळ्याकडे बाया यासाठी आधी डोकेदुखीचा डॉक्टर, मग पोटाचा, मग सोनोग्राफी, मग हार्मोनच्या महागड्या टेस्ट असं करत फिरतात आणि रिपोर्ट नॉर्मल आले की घरचे म्हणतात तुला काही झालेलंच नाही. अहो रिपोर्ट नॉर्मलच येणार, या त्रासात हार्मोन बहुतेक वेळा ठीकच असतात, त्यांचा दर महिन्याचा चढउतार मेंदूला सोसत नाही. पीएमएस (पाळीआधीच्या या त्रासाचं डॉक्टरी नाव) किंवा त्याचा जबर प्रकार पीएमडीडी रक्ताच्या कुठल्याच टेस्टमध्ये दिसत नाही. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन मात्र बघून घ्या, त्यांच्यामुळेही थकवा-चिडचिड होते.

तर ओळखायचं रोज लिहून. भिंतीवरचं कॅलेंडर घ्या, रात्री झोपताना त्या तारखेवर राग, उदासी, झोप, अंगदुखी यांना १ ते ६ मार्क द्या, १ म्हणजे काहीच त्रास नाही, ६ म्हणजे असह्य. पाळीच्या दिवसाला गोल करा. सलग दोन पाळ्या लिहायचं, आणि त्या त्या दिवशीच, महिन्याच्या शेवटी आठवून लिहिलेलं चालत नाही. पाळी संपल्यानंतरचा आठवडा साफ आणि आधीचा भरलेला दिसला तर पाळीचा संबंध आहे, महिनाभर सारखंच असेल तर दुसरं काहीतरी आहे, तेही डॉक्टरला कळायलाच हवं. कानबाईच्या सणाला किंवा लग्नकार्याला पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली असेल तर तो महिना धरू नका.

त्याच कॅलेंडरवर पैसेही लिहा, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. डॉक्टरची फी, एसटीचं भाडं, मेडिकलचं बिल हे तर आहेच, पण बुडालेली मजुरी पण लिहा. कापूस वेचायला किलोवर पैसे मिळतात, त्या दिवसांत निम्मंच वेचलं गेलं तर खाडा दिसत नाही पण पैसा गेलाच ना. अमेरिकेत २००५ साली छापलेल्या एका अभ्यासात पीएमएसमुळे बाईमागे वर्षाला दवाखान्याचा खर्च फक्त ५९ डॉलरने वाढलेला दिसला, आणि कामाचं नुकसान ४,३३३ डॉलर. आपल्याकडचे आकडे वेगळे असतील, पण न दिसणारा खर्च जास्त असतो हे आपल्यालाही पटेल. घरच्यांना "मला त्रास होतो" सांगून कळत नाही, हिशोब दाखवला की कळतं.

मग हा कागद घेऊन जा. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल आहे, केस पेपर काढून स्त्रीरोगच्या ओपीडीत दाखवा, मनाच्या तक्रारी जास्त असतील तर मानसोपचारच्या. सर्ट्रालीन, फ्लुऑक्सेटीनसारख्या डिप्रेशनवरच्या गोळ्या याच्यावरही चालतात, काही जणींना फक्त पाळीआधीचे १४ दिवसच देतात, काहींना गर्भनिरोधक गोळ्यांचा फायदा होतो. "वेड्याच्या गोळ्या" म्हणून घाबरू नका, पण शेजारणीची चिठ्ठी दाखवून मेडिकलवरून आणूही नका.

कोणी "गर्भाची पिशवी काढून टाका" म्हणालं तर थांबा. ओव्हरी (बीजकोश) पोटातच राहिली तर पाळी बंद होते पण हार्मोनचा चढउतार चालूच राहतो आणि त्रासही राहू शकतो. त्या ऑपरेशनसाठी कर्ज काढायच्या आधी दुसऱ्या डॉक्टरला हे कॅलेंडर दाखवाच.

आणि जीव द्यावासा वाटत असेल तर दोन महिने लिहीत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा, घरातल्या एकाला तरी सांगा. टेलीमानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

गोळ्या सुरू झाल्यावरही मार्क देणं चालू ठेवा, पुढच्या वेळी डॉक्टर तेच बघून डोस ठरवतील.