प्लास्टिकची नळी, पाण्याचे पिंप आणि मोबाईल वापरून ध्वनीचा वेग कसा मोजावा

हवेतून ध्वनी किती वेगाने जातो, हे मोजण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. सुमारे ६० सेंटिमीटर लांबीची, तीन-साडेतीन सेंटिमीटर आतील व्यासाची आणि दोन्ही टोकांना उघडी असलेली पीव्हीसीची नळी, निदान ५० सेंटिमीटर खोल पाणी राहील असे पिंप, मोजपट्टी, खोलीचे तापमान दाखवणारा तापमापक आणि हव्या त्या वारंवारतेचा, म्हणजे सेकंदाला हव्या तितक्या कंपनांचा (हर्ट्झचा), सूर वाजवणारे अ‍ॅप असलेला मोबाईल एवढे साहित्य पुरते. शाळेतला नादकाटाही चालेल, परंतु त्याचा आवाज लवकर विरत असल्याने मोबाईल अधिक सोयीचा.

ध्वनी हा अनुतरंग आहे; म्हणजे तरंग ज्या दिशेने जातो त्याच दिशेत हवेचे कण मागेपुढे हालतात आणि हवेत दाट व विरळ भाग आलटून पालटून तयार होतात. नळीत शिरलेला तरंग पाण्याच्या पृष्ठभागावर आदळून परत फिरतो. पाण्यालगतच्या हवेला पुढे सरकायला वाव नसतो, तर उघड्या तोंडाशी ती सर्वांत मोकळेपणाने हालते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी जुळतील इतकी हवेच्या स्तंभाची लांबी झाली, की जाणारा व परतणारा तरंग एकमेकांना बळ देतात आणि आवाज ठळकपणे वाढतो. हा अनुनाद प्रथम तरंगलांबीच्या (लागोपाठच्या दोन दाट भागांमधील अंतराच्या) सुमारे एक चतुर्थांश लांबीला आणि पुढे तीन चतुर्थांश लांबीला मिळतो. नळाखाली कळशी भरत येताना तिचा आवाज चढत जातो, त्यामागेही आखडत जाणारा हवेचा स्तंभच असतो.

आता ५०० हर्ट्झचा सूर सुरू करावा आणि आवाज बेताचाच ठेवावा, कारण मूळ सूरच मोठा असला तर अनुनादाची वाढ कानाला कळत नाही. नळी उभी धरून पिंपाच्या तळापर्यंत बुडवावी व मोबाईलचा स्पीकर तिच्या तोंडापासून दीड-दोन सेंटिमीटर वर, तोंड झाकले जाणार नाही अशा बेताने धरावा. नळी सावकाश वर घेताना मोबाईलही तिच्याबरोबर वर न्यायचा असल्याने मदतीला कोणी असल्यास बरे. आवाज एकदम भरून आला की तेथेच थांबू नये. नळी थोडी पुढे, थोडी मागे नेऊन सर्वांत मोठ्या आवाजाची जागा नक्की करावी. ओल्या नळीवर पेनाची खूण टिकत नाही, म्हणून तिच्यावर आधीच चढवलेले रबरबँड पाण्याच्या पातळीशी सरकवावे आणि तोंडापासून तेथपर्यंतचे अंतर मोजावे. दुसरा अनुनादही असाच शोधावा.

तापमान ३० अंश सेल्सिअस असेल, तर पहिली लांबी साधारण १६.५ आणि दुसरी ५१.४ सेंटिमीटर येईल. पहिल्या लांबीची चौपट करून तरंगलांबी काढण्याचा मोह टाळावा. नळीतील तरंग तोंडाशीच संपत नाही, तर व्यासाच्या सुमारे ०.३ पट बाहेर डोकावतो, आणि चौपट करताना ही चूकही चौपट होते. दोन्ही लांबींत ती सारखीच असल्याने वजाबाकीत मात्र आपोआप नाहीशी होते. उरलेला ३४.९ सेंटिमीटरचा फरक म्हणजे अर्धी तरंगलांबी. वेग म्हणजे तरंगलांबी गुणिले वारंवारता, म्हणून तिची दुप्पट, म्हणजे ०.६९८ मीटर, गुणिले ५०० केल्यास वेग सेकंदाला ३४९ मीटर मिळतो. ५०० हर्ट्झ निवडण्याचे कारण हेच: सेंटिमीटरमधील फरकाला दहाने गुणले की वेग तयार. अर्थात मोजणीत अर्ध्या सेंटिमीटरची गफलत झाली, तर उत्तर ५ मीटरने चुकते, म्हणून प्रत्येक लांबी अनेकदा मोजून सरासरी घ्यावी.

उत्तर पडताळण्यासाठी ३३१ मध्ये अंश सेल्सिअसमधील तापमानाची ०.६ पट मिळवावी. हवेतील दमटपणामुळे वेग एखाद-दुसऱ्या मीटरने वाढू शकतो. हवेच्या दाबाचा मात्र परिणाम जवळजवळ नसतो, त्यामुळे तापमान सारखे असेल तर मुंबईत आणि महाबळेश्वरात उत्तर सारखेच यावे. न्यूटनच्या सूत्राने शून्य अंशाला हा वेग जेमतेम २८० मीटर निघे, कारण त्याने तरंग जाताना हवेचे तापमान बदलत नाही असे धरले होते. दाबली जाणारी हवा क्षणभर तापते हे फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने लक्षात घेतले, तेव्हा गणित प्रत्यक्षाशी जुळले.

शेवटी सूर १००० हर्ट्झचा लावून लागोपाठच्या दोन अनुनादांमधील फरक पुन्हा मोजावा. तो साडेसतरा सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे निम्मा आला, तर वारंवारता बदलूनही वेग तोच राहिला असे समजावे.