ॲव्हरेज वाढवणारी डबी घेताय? या चुका टाळा

मेहुण्याने ऑनलाइन साडेतीनशेला एक हिरवी डबी मागवली. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (मेकॅनिक बिघाड तपासायचं यंत्र लावतो ते) खोचायची, दोनशे किलोमीटर गाडी पळवायची, तेवढ्यात म्हणे ती तुमची चालवायची पद्धत शिकते आणि पेट्रोल वाचवायला लागते. आठवड्याने त्याचा फोन आला, "दाजी, सोळाचं साडेसतरा झालं!"

पहिली चूक इथेच झाली : एका टाकीवर हिशेब. 400 किलोमीटरला खरं 25 लिटर लागलं, तर ॲव्हरेज 16. पण भरताना नोझलचा ऑटो कट दोन लिटर आधी पडला, तर कागदावर 23 लिटर आणि ॲव्हरेज 17.4. डबीने काडीचंही काम केलेलं नसतं. त्यात आधीची टाकी शहरातल्या सिग्नलवर संपलेली, नंतरची हायवेवर. शिवाय पैसे मोजून डबी लावलेला माणूस ॲक्सिलरेटरवर पाय हलकाच ठेवतो. तपासायचंच असेल तर एकच पंप, एकच रस्ता, निदान तीन-चार टाक्या; मग डबी काढून पुन्हा तेवढ्याच. हे शेवटचं कोणी करत नाही.

दुसरी चूक, डबी न उघडणं. मी उघडली. हल्लीच्या गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलायचं तर सॉकेटच्या 6 आणि 14 नंबरच्या पिनांवरून कॅनच्या, म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांना जोडणाऱ्या जाळ्याच्या, तारा आत यायला हव्यात. इथे त्या पिना कशालाच जोडलेल्या नव्हत्या. 16 नंबरवरून बॅटरीचा करंट घ्यायचा आणि तीन एलईडी लुकलुकवायचे, एवढाच कारभार. दिवाळीच्या माळेला याहून जास्त अक्कल असते.

तिसरी चूक म्हणजे "न जळलेलं पेट्रोल जाळतो" या वाक्याला भुलणं. धड इंजिनात पेट्रोल जवळजवळ सगळं जळतंच. वाया जाते ती उष्णता, रेडिएटर आणि सायलेन्सरमधून. पेट्रोलच्या पाइपला लोहचुंबक बांधून ती परत येत नाही. पाण्यातून हायड्रोजन काढून इंजिनात सोडणाऱ्या किटचंही तेच : पाणी फोडायला वीज अल्टरनेटरची, आणि अल्टरनेटर फिरतो तुमच्याच पेट्रोलवर. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभरावर उपकरणं तपासली. लक्षात येण्याजोगी बचत एकानेही केली नाही.

ॲव्हरेज खरंच पडलं असेल तर आधी टायरमधली हवा बघा, तीही टायर थंड असताना. ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे थोडं कमी होणारच, कारण इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी असते. (एअर फिल्टर बदलून फार आशा धरू नका. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत मळक्या फिल्टरने पिकअप मरतो, ॲव्हरेज फारसं हलत नाही.) आणि गाडी चालवून आल्यावर चाकांजवळ हात नेऊन बघा. एखादंच चाक जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक धरतोय.

मेहुण्याचं पुढचं डावं चाक जॅकवर घेतलं, तर हाताने फिरेना. ब्रेक दाबणाऱ्या कॅलिपरची पिन गंजली होती. साफ करून ग्रीस लावायचे गॅरेजवाल्याने दोनशे घेतले.